राबावरचा चहा

मिरज

सरळ सांगते. या प्रवासाला मी निघाले ती कुणाला तरी उघडं पाडायला. साताऱ्याच्या डोंगरात एका बाईच्या गळ्यात चहाची रोपं मारून कुणीतरी तिला फसवलंय, हे मला मिरजेत बसूनच ठाऊक होतं. आमच्या चळवळीची पत्रकं मीच लिहिते, या पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता: ‘हिरव्या सोन्याचा पिवळा दगा’. रोपं बघायची तेवढी बाकी होती.

बातमी आणली दीपालीनं. ती आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते आणि मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. मिरजेत दर तिसऱ्या घराच्या वरच्या खोलीत कुणी ना कुणी नर्स राहतेच, आमच्याकडं ही. तिची आई सुमन, गाव मेढ्याच्या पलीकडं सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या भावकीला अजून एकमेकांत राहायचंय. नवरा गेल्यावर सुमनकाकींनी एका रोपवाटिकेतून चहाची रोपं आणून सड्यावर लावली. पावसाळ्यात ती तरारली आणि माघ उजाडेपर्यंत पिवळी पडली.

“रविवारी भावकी बसणार हाय,” दीपाली म्हणाली. “तात्या, म्हंजी माझं मोठं चुलतं, म्हनत्यात चहा उपटा आन् सडा त्या पर्यटकांच्या तंबूवाल्याला द्या. आईची सही पायजे. ती करनार. तिचा धीरच सुटलाय.”

“करू नको म्हणावं!”

“तुमी जाऊन सांगा की. मला रजा न्हाई.”

झालं. अब्बांच्या कारखान्यात सतारीचे भोपळे रांगेनं वाळत होते, त्यांच्यामधून वाट काढत मी पिशवी भरली. अम्मी म्हणाली, “पहाड में जारी, स्वेटर ले के जा गे.” आणि रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून सांगलीच्या हळदीची मोठी पुडी पिशवीत कोंबली. अब्बांनी मात्र भोपळ्यावर टिचकी मारत विचारलं, “ज्याला शिव्या घालायला चाललीस, तो माणूस बघितलास का?”

“बघायला तर चाललेय.”

“मग शिव्या घरी ठेवून जा. लागल्या तर मागवून घे.”

कराड

कराडला प्राजक्ताला उचललं. शाळेतली मैत्रीण. इथल्या एका कॉलेजात ती पीएचडी करते, आणि विषय काय, तर चहाच्या झाडातली जनुकं. मातीतल्या धातूंचा ताण आला की चहाचं झाड काय करतं, हे ती संगणकावर शोधते. इतकी वर्षं मी तिची टर उडवत आले: देशात एवढे प्रश्न पेटलेले आणि तू चहाच्या पानाचे कुलवृत्तांत वाचतेस! पण मला कोर्टात उभा करता येईल असा जाणकार हवा होता आणि फुकट मिळणारी जाणकार हीच.

कृष्णा-कोयनेच्या संगमावर आम्ही भेळ खात बसलो. मी म्हटलं, “मला पत्रकात घालता येईल असं एका वाक्यात सांग.”

“एका वाक्यात?” तिनं भेळेचा कागद मांडीवर सपाट केला. “बाकीच्या झाडांना जे विष, ते चहाला टॉनिक.”

“म्हणजे?”

“लाल, आंबट मातीत ॲल्युमिनियम मोकळं सुटतं. भात म्हण, मका म्हण, त्यांची मुळं त्यानं जळतात. चहाची मात्र वाढतात. तो ॲल्युमिनियम पितो आणि जुन्या पानांत नेऊन कोंडतो.”

मी भेळ खाली ठेवली. “चहात ॲल्युमिनियम? आणि लोकांना कुणी सांगत नाही?”

“झालं तुझं पत्रक सुरू.” ती हसली. “जुन्या, जाड पानांत पुष्कळ. आपण पितो तो कोवळा शेंडा, त्यात कमी. कपात थोडं उतरतं, खोटं कशाला बोलू, पण पोटातून रक्तात जातं ते त्याहून फारच थोडं. यावर तू मोर्चा काढू नकोस.”

मोर्चा बाजूला ठेवला. खरं म्हणजे मला आता वेगळंच कुतूहल लागलं होतं. झाडाला कसं कळतं हा धातू कुठं न्यायचा ते? तेव्हा प्राजक्तानं मला भावकी सांगितली.

“असं समज, कोट्यवधी वर्षांपूर्वी एक जनुक होतं. मूळ पुरुष. त्याचं काम पेशीच्या दारावर उभं राहायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते बघायचं. पुढं त्याच्या नकला झाल्या. झाल्या म्हणजे निसर्गातच चुकून होतात. नकलेच्या नकला. आडनाव सगळ्यांचं एकच. पण एक भाऊ मुळाशी राहिला, एक पानात गेला, एक फक्त दुष्काळात जागा होतो. याला आम्ही जनुकांचं कुटुंब म्हणतो. तू भावकी म्हण.”

“आणि जे काहीच करत नाहीत ते?”

“असतात की. सातबाऱ्यावर नाव आहे, पण शेतात पाऊल नाही, तसले. काही भाऊ तर नेमकं करतात काय तेच अजून कुणाला माहीत नाही. मी त्यातल्याच एका घराण्याच्या मागं आहे. धातूंचे दारवान.”

“आणि चहाच्या झाडाला हात लावल्यावर यातलं काही जाणवतं?”

तिनं भेळेच्या कागदाची घडी घातली. मग पाण्याकडं बघत म्हणाली, “मी चहाचं झाड अजून बघितलेलं नाही.”

मी एवढ्यानं हसले की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून गेले. झाडाचं अख्खं खानदान तिला तोंडपाठ, आणि झाडाशी ओळख नाही! रात्रीपुरती तिच्याच घरी राहिले. तिच्या आईनं केलेल्या आमटीत एवढं तिखट होतं की सांगलीकर म्हणवून घेणाऱ्या मला पाणी मागावं लागलं. सकाळी आम्ही दोघी निघालो.

पाचगणी

पसरणीच्या घाटात एसटीनं एक वळण असं घेतलं, की वरच्या फळीवरची माझी पिशवी खाली आली आणि हळदीची पुडी फुटली. माझी पांढरी ओढणी, प्राजक्ताच्या लॅपटॉपची बॅग, पुढच्या सीटवरच्या गृहस्थांची टोपी, सगळं जेजुरी. गृहस्थ टोपी झटकत म्हणाले, “लगीन कुनाचं, दोघींतलं?” कंडक्टर म्हणाला, “आहेर म्हनून तिकीट माफ न्हाई हां.” मी रागानं लाल, बाकी सगळं पिवळं.

पाचगणीत स्ट्रॉबेरीचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रीमचे पेले, शाळांच्या उंच भिंती, शेतात उभं राहून फोटो काढणारी माणसं. तोडणाऱ्या बायका मात्र त्याच शेतात कंबरेत वाकलेल्या. त्यांना कुणी फोटोत घेत नव्हतं. घेतलं तरी “जरा बाजूला व्हा” म्हणायला. आमच्याकडं हळदीच्या काढणीत बायका अशाच वाकतात, पण तिथं निदान फोटोवाले नसतात.

रोपवाटिका गावाबाहेर. मालक पन्नाशीचा, डोक्याला मफलर, हातात खुरपं. मी आत शिरता शिरताच विचारलं, “सड्यावरच्या बाईला चहा तुम्हीच विकलात ना?”

“विकला की.”

“तो मरतोय!”

“आरारा.” त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं, ते मला आवडलं नाही. “रोपं तर झकास होती. दक्षिणेकडनं मागवलेली. ही बघा, त्यातलीच.”

जांभ्याच्या दगडाला लागून काळ्या पिशव्यांत रोपं उभी होती. पानं गर्द, जाड, कडेला बारीक दात. फसवणुकीचा पुरावा म्हणून फोटो काढायला मी मोबाइल काढला, पण पुराव्यासारखं त्यांत काही नव्हतं. प्राजक्ता तोवर खाली बसली होती. तिनं एका पानावरून बोट फिरवलं, मग शेंडा खुडून सरळ तोंडात टाकला.

“कडू,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. “कित्ती कडू आहे गं!”

“त्या काय करत्यात?” मालकानं मला हळूच विचारलं.

“त्या चहाच्या नात्यातल्या आहेत.”

मी मुद्द्यावर आले. रोपं देताना काय सांगितलं? माती बघितली? पुढं कधी गेलात? त्यानं खुरपं मातीत रोवलं. “ताई, मी रोपं विकतो. माती विकत न्हाई. डोंगरातली लाल माती चालती एवढं सांगितलं. सड्यावर तीच हाय. आता कुनाकुनाच्या शेतात जाऊन बसू?”

“कुणीच बसत नाही, तेच तर!” माझा आवाज चढला. “रोप देणारे शंभर, वर्षभरानं येऊन बघणारा एक नाही!”

“हे बरोबर बोलला,” तो म्हणाला आणि आम्हाला द्रोणभर स्ट्रॉबेरी दिली. शिव्या खाऊन वर स्ट्रॉबेरी देणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे पत्रकं लिहिताना कुणी शिकवत नाही. मथळा मी मनातल्या मनात थोडा सौम्य केला.

सडा

मेढ्यावरून जीप, जीपनंतर चढण. वर पोचलो आणि झाडंच संपली. काळा-तांबडा कातळ मैलभर पसरलेला, मधूनमधून वाळलेलं गवत, आणि कडेला जमीन एकदम तुटून खाली दरी. आमच्या पूर्वेकडच्या जतच्या माळावरही अशीच उघडी जमीन आहे, पण तिथं नजर जाते तिथवर मातीच असते. इथं कड्यावर उभं राहिलं की पायाखालून घार उडत जाते.

सुमनकाकी वाटेतच भेटल्या. पन्नाशीतली बारीक, चपळ बाई, डोक्यावर जळणाचा भारा. “दीपालीची मिरजकरीन तूच व्हय? आन् ही डाक्टरीन?” प्राजक्ता म्हणाली मी त्यातली डॉक्टर नाही. “मग झाडाची तर हायेस न्हवं? चल, आधी पेशंट बघ. चा मागनं.”

पेशंट सड्याच्या मधोमध होते. तिथं खोलगट जागेत थोडी माती साठलेली. चहाच्या ओळी सुरेख आखलेल्या, प्रत्येक रोपाभोवती आळं, वर सावलीला फांद्या. आणि रोपं पिवळीधमक. जुनी पानं अजून हिरवट, पण कोवळा पाला पार लिंबासारखा, त्यात फक्त शिरा हिरव्या. प्राजक्ता रोपामागून रोप बघत गेली, तिचा चेहरा उतरत गेला.

“पाणी?”

“दिसाआड. डोक्यावरनं आनते.”

“खत?”

“शेन. आन् चुलीतली राख, दर शनवारी. कीड लागू नी म्हनून.”

मागून कुणीतरी खाकरलं. काठी टेकत एक उंच म्हातारे आले. हेच तात्या, थोरले दीर. “बघा, बघा. चा म्हंजी गवती चा आमाला म्हाईत. ह्ये करवंदीवानी झुडूप आनलं बयेनं. लाडानं वाढवलं, आन् त्याला झाली कावीळ.”

“तात्या, पावन्या आल्यात,” काकी म्हणाल्या.

“मग काय तोंड शिवू? उद्या भावकी बसतीया, पावन्यांनी बी यावं. खानंपिनं हाय.”

मला मिरजेला घरी फोन करायचा होता. नेटवर्क कड्यापाशी मिळतं म्हणाले, म्हणून मी टोकाकडं गेले. तिथं माती नाहीच. जांभ्याचा तांबडा चुरा आणि फटी. आणि त्या फटींत पाच-सहा झुडपं उभी: गर्द, जाड पानांची, कडेला बारीक दात. मी फोन खिशात टाकला आणि ओरडले.

प्राजक्ता पळत आली. काकी पदर खोचत मागून.

“ही कुणाची?”

“ती व्हय? ती उरल्याली,” काकी म्हणाल्या. “जागा संपली तवा ठिवली खोचून. फेकायचं जीवावर आलं. न्हाई पानी, न्हाई शेन, कायबी न्हाई.”

लाडाची पिवळी आणि टाकलेली हिरवीगार! मी प्राजक्ताकडं बघितलं. एवढी भावकी पाठ असलेली बाई खांदे उडवून म्हणाली, “मला माहीत नाही.” हे तिचं मला फार आवडलं. आमच्या चळवळीत हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

संध्याकाळी काकींच्या घरी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि उखळात कुटलेली हिरवी मिरची. मग त्यांनी हातानं चुरगळून वाळवलेला स्वतःचा चहा केला, बिनदुधाचा. मिरजेत दवाखान्यांसमोर उकळून उकळून तपकिरी केलेला चहा पिणारी मी, मला तो कोमट पावसासारखा लागला. तरी दुसरा कप मागितला. घोट संपला की जिभेवर मागून गोडवा येत होता.

जेवण झाल्यावर काकींनी माझी पिवळी ओढणी बघितली. “आन हिकडं. साबनानं न्हाई निघायचं.” नको म्हणेपर्यंत त्यांनी ती मोरीवर नेली आणि भांडी घासायची राख ओली करून डागावर चोळली. डाग रक्तासारखा लाल झाला.

“अगो बाई! कुंकू झालं!” काकी हसायला लागल्या. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक पोरीला माहीत असतं. मीही हसले. प्राजक्ता हसली नाही. ती त्या लाल डागाकडं बघत उभी होती.

“काकी, रोपं लावायच्या आधी त्या जागेत काय केलं होतं?”

“काय करनार? राब दिला.”

राब म्हणजे काय, ते खालच्या मुलखातल्या लोकांसाठी सांगते. पावसाच्या आधी फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर जमिनीवर रचून पेटवतात. त्या राखेत नाचणीचं, भाताचं बी टाकतात. रोप असं येतं की बघत राहावं. डोंगरातला माणूस जमिनीवर यापेक्षा जास्त माया करू शकत नाही. आमच्याकडं सांगलीला उसाला पोत्यानं खत ओततात आणि त्यालाच माया म्हणतात, तेव्हा हसायला मला तोंड नाही.

“किती राब दिलात?”

“दुप्पट,” काकी म्हणाल्या. “म्हटलं म्हागाचं झाड हाय.”

सकाळी ओढणीच्या पिवळ्या टोकाच्या दोन चिंध्या फाडल्या. माझीच ओढणी, माझ्याच हातानं. एक चहाच्या आळ्यातल्या मातीत दाबली, दुसरी कड्यावरच्या तांबड्या चुऱ्यात, दोन्हीकडं पाणी शिंपडून. थोड्या वेळानं काढल्या. कड्यावरची पिवळीच. आळ्यातली विटकरी लाल. राख-चुन्यात हळद लाल होते, आंबटात पिवळीच राहते.

प्राजक्ता काकींशेजारी खाली बसली. ती काय बोलते याची मला भीती होती. ती संगणकाची भाषा बोलेल आणि काकी नुसती मान हलवतील. पण ती म्हणाली, “काकी, तुमची राख नाचणीला दूध आहे. पण चहाचं खानदान आंबट मातीतलं. मुळाशी त्याचे दारवान उभे असतात, ते आंबट मातीतलंच सामान उचलायला शिकलेत. राखेनं मातीचा आंबटपणा मेला. लोह मातीत आहे, पण त्याला कुलूप लागलं. दारवान दारात उभे आहेत आणि आत न्यायला काही नाही. म्हणून नवं पान पिवळं.”

काकींनी ती लाल चिंधी हातात घेऊन उलटसुलट केली. “म्हंजी जेवायला वाढून ठिवलं, आन् तोंड बांधलं.”

“तसंच.”

“मीच?”

प्राजक्तानं उत्तर द्यायच्या आधी मीच दिलं. “कुणी सांगितलं नाही तुम्हाला! रोपवाल्यानं नाही, सरकारनं नाही...”

“आता गं, तू थांब,” काकी म्हणाल्या. रागावून नाही. “मला जरा बगू दी.”

भावकी

दुपारी तात्यांच्या पडवीत सगळे जमले. तंबूवालाही आला होता, पुण्याचा. शिंगं असतील अशी माझी तयारी होती, पण निघाला सभ्य, चप्पल बाहेर काढून बसणारा मुलगा. त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली: पांढरे तंबू, कंदील, कड्यावर खुर्च्या. मी पुढं वाकून बघितलं. त्याला सड्याच्या मधली मातीची जागा नकोच होती. त्याला टोक हवं होतं. जिथून दरी दिसते ते. जिथं हिरवी झुडपं उभी होती ते.

आता सगळं उलटं झालं. काल चहा मरत होता म्हणून सडा देणं सोपं होतं. आज चहा कुठं जगतो ते कळलं आणि नेमकी तीच जागा जाणार होती.

मी उठले. सवयच आहे. “मित्रहो, डोंगर विकणाऱ्या या व्यवस्थेनं...”

“बसा,” तात्या म्हणाले. “आमी मोर्चा न्हाई. घरचीच मानसं हाय.”

पडवी हसली. मी बसले. मग तात्याच बोलले, आणि काठीकडं बघत बोलले. “माझा संतोष मुंबईत माथाडी. पाठ गेली त्याची. परत येतोय. हितं त्याला काय काम दिऊ? ढेकळं फोडाय लावू? ह्यो तंबूवाला पोरगा त्याला पगार दितोय, घरी ऱ्हाऊन. मला काय हौस हाय व्हय, सडा द्यायची?”

माझ्या पत्रकात या म्हाताऱ्याला जागा नव्हती. त्याला कुठं बसवावं ते मला सुचेना. खलनायक म्हणून तर बसेना.

सुमनकाकी उंबऱ्यापाशी होत्या. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. सातबारा सामाईक, त्यामुळं त्यांच्या सहीशिवाय करार होणार नव्हता.

“तात्या, आवं एक इचारते. तोंडी वाटनी झाली तवा खालची भाताची खाचरं कुनी घितली?”

“सगळ्यांनी.”

“मला काय आलं?”

काकींनीच उत्तर दिलं.

“कातळ आला. दगूड. म्हनला, सुमे, तुला एकटीला काय करायचं खाचर. मी व्हय म्हनले. आता त्या दगडाला भाव आला, तर दगूड बी सगळ्यांचा?”

“पर चा तर मेला न्हवं!” एक पुतण्या म्हणाला.

“राबावरचा मरतोय. कातळावरचा जितोय. मी चुकले, मला आज सकाळी कळलं. उद्या राख खरडून काढनार, जेवढी निघंल तेवढी. आन् पाऊस लागला की कातळात खड्डं पाडनार. सही आता न्हाई करत.”

“कवा करनार?” तात्यांनी विचारलं.

“दिवाळी झाली की बोलू.”

तंबूवाला नम्रपणे म्हणाला, दिवाळीपर्यंत त्याला दुसरी जागा बघावी लागेल. कुणी त्याला थांबवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. पत्रावळी मांडल्या गेल्या. तात्या उठले, पानावर न बसता बाहेर निघून गेले. संतोषच्या आईनं, म्हणजे काकींच्या जावेनं, सगळ्यांना वाढलं. काकींच्या पानात भात वाढताना तिचा हात थबकला नाही, पण तिनं तोंडाकडं बघितलं नाही. आपण जिंकलो असं मी मनात म्हणायला गेले आणि वाक्य अर्ध्यावरच मोडलं.

बाहेर आल्यावर प्राजक्ताला विचारलं, “जगेल का गं खरंच?”

“कड्यावरची जगलीत, म्हणजे माती जमते. पिवळी उठतील का, हे मला सांगता येत नाही. राख लवकर जात नाही मातीतून. आणि कातळावर उन्हाळ्यात पाणी...” तिनं खिशातून रिकामी पिशवी काढली. “मी कराडला नेऊन दोन्हीकडची पानं तपासते. कुठला भाऊ जागा आहे, कुठला झोपलाय, ते तरी कळेल. त्यानं काकींचं झाड वाचणार नाही, एवढं मला कळतं.”

परत

सकाळी धुकं होतं. वाटेवर रात्री गवे फिरतात, म्हणून दोघीच उतरू नका असं काकी म्हणाल्या. सोबतीला कोण? दारात बघते तर तात्या, हातात काठी आणि कंदील. भावजयीशी बोलले नाहीत. आमच्यापुढं चालायला लागले.

मागं वळून बघितलं तर काकी ओळींमध्ये उकिडव्या बसून खुरप्यानं राख खरडत होत्या. शेजारच्या दोन बायका पाटीत भरत होत्या. राखेची पाटी घेऊन एकजण खाली खाचरांकडं निघाली होती.

अर्धी उतरण संपली. मग तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू पेपरात लिवतीस म्हनं.”

“पत्रकं काढते.”

“आमचं बी काढशील.”

“काढीन. तुमच्या विरुद्ध नाही लिहिणार, तात्या. संतोषचं पण लिहीन.”

“माज्या इरुद्ध लिव की. म्हातारा आडवा आला म्हनून लिव.” ते थांबले, काठीनं वाटेतलं शेण बाजूला सारलं. गव्याचं, ताजं. कान देऊन ऐकलं, मग पुन्हा चालू लागले. “सुमी लय धीराची बाय हाय, त्ये बी लिव. खरंच हाय त्ये.”

खाली जीप उभी होती. प्राजक्ता पानांच्या पिशव्या छातीशी धरून आधी चढली. मी पाय टाकला तेव्हा तात्यांनी काठी जीपच्या दारावर ठेवली.

“एक बोलू? तुमची पत्रकं मी वाचल्यात, एसटीत वाटत्यात ती. कवा बी बघावं तर कुनीतरी जिंकल्यालं असतं, न्हाईतर कुनीतरी फशीवल्यालं असतं. पुढं काय झालं, त्ये कवा लिवत न्हाई कुनी.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“दिवाळीला ये,” तात्या म्हणाले. “आन् झाड मेलं, तर ते बी लिव.”

लिहीन, म्हटलं.